घरच्या जाळ्याचें दप्तर

शहरांतल्या कुटुंबांत आज एक नव्या प्रकारची तिजोरी आढळूं लागली आहे. ती लोखंडाची नसते. कपाटाच्या वरच्या खणांत किंवा टेलिव्हिजनच्या मागें एखादा लहानसा संगणक अहोरात्र मंद घरघरत असतो, आणि त्याच्या पोटांत लग्नमुंजींचीं छायाचित्रें, घराचे कागद, विम्याच्या पावत्या, आजोबांच्या आवाजाचें ध्वनिमुद्रण असा सारा संसार सांठविलेला असतो. घरांत बसून ही तिजोरी उघडणें सोपें आहे. परंतु मुलगा शिक्षणासाठीं बंगळूरला गेला, किंवा मुलगी नोकरीनिमित्त जर्मनींत राहिली, म्हणजे प्रश्न उभा राहतो कीं, तेथून या तिजोरीपर्यंत हात पोंचावा कसा? आणि घरच्या माणसाचा हात पोंचला तर चोराचाहि पोंचणार नाहीं, याची हमी कोणी द्यावी?

या अडचणीचें मूळ पत्त्यांच्या टंचाईंत आहे. इंटरनेटवर बोलूं इच्छिणाऱ्या प्रत्येक यंत्रास एक अंकी पत्ता लागतो. १९८१ सालीं जी पत्तापद्धति मांडली गेली, तिच्यांत सुमारें ४२९ कोटी पत्ते मावतात. त्या काळीं हा आंकडा अफाट वाटला असल्यास नवल नाहीं. पण ३ फेब्रुवारी २०११ रोजीं जागतिक कोठारांतले शेवटचे पांच गठ्ठे पांच विभागीय संस्थांना वांटून देण्यांत आले आणि कोठार रितें झालें. पुढच्या पद्धतीचे पत्ते विपुल आहेत, परंतु त्यांचा प्रसार अद्याप सर्वत्र सारखा नाहीं. म्हणून एक काटकसरीची युक्ति रूढ झाली आहे. गिरगांवांतील चाळीला जसा रस्त्यावरचा एकच क्रमांक असतो आणि आंतल्या बिऱ्हाडांची वांटणी चाळीपुरती असते, तसा साऱ्या घराला मिळून, आणि मोबाइल कंपन्यांच्या बाबतींत तर कितीएक ग्राहकांना मिळून, बाहेरचा एकच पत्ता दिला जातो. दारावरचा राऊटर आंतून बाहेर गेलेलें प्रत्येक टपाल लक्षांत ठेवतो, आणि त्याचें उत्तर आलें तर तें नेमक्या बिऱ्हाडाला पोंचवितो. पण बाहेरून कोणीं आपण होऊन हांक मारली, तर ती कोणासाठीं आहे हें त्याला कळत नाहीं, आणि तो ती सोडून देतो. घरांतला संगणक जगाशीं बोलूं शकतो. जगांत गेलेला घरचाच माणूस मात्र घराशीं बोलूं शकत नाहीं.

राऊटरमध्यें एक खिडकी कायमची उघडी ठेवण्याचा उपाय जुना आहे. परंतु इंटरनेटवर रात्रंदिवस हिंडून प्रत्येक पत्त्याची प्रत्येक खिडकी ढकलून पाहणारे स्वयंचलित भामटे इतके आहेत, कीं अशी खिडकी उघडली म्हणजे थोड्याच वेळांत तिच्यावर टकटक सुरू होते. खिडकीमागच्या प्रणालींत एखादी फट राहिली असेल, तर ती सांपडणें हा केवळ वेळेचा प्रश्न उरतो.

याहून चांगला मार्ग खाजगी जाळ्याचा. रस्ता सार्वजनिकच, पण त्यावरून घरच्या यंत्रांचें टपाल बंद मेण्यांतून जावें, असा हा प्रकार आहे. जेसन डोनेनफेल्ड यांनीं रचलेल्या वायरगार्ड या पद्धतीनें तो पुष्कळच सुटसुटीत केला. तिची माहिती देणारा त्यांचा निबंध २०१७ सालीं प्रसिद्ध झाला, आणि मार्च २०२० मध्यें लिनक्सच्या ५.६ या आवृत्तींत तिला मूळ प्रणालींतच स्थान मिळालें. तिची लिनक्सवरील संहिता चार हजार ओळींहून कमी होती, हें तिचें मोठें भूषण मानलें गेलें. कारण जें थोडें असतें तें एका माणसाला मन लावून तपासतां येतें. या पद्धतींत प्रत्येक यंत्राजवळ दोन किल्ल्या असतात. एक गुप्त, जी त्या यंत्राबाहेर कधींच जात नाहीं. दुसरी जाहीर, जी कोणालाहि द्यावी. एक यंत्र आपली गुप्त किल्ली आणि दुसऱ्याची जाहीर किल्ली एकत्र करून जें गुपित काढतें, तेंच गुपित दुसरें यंत्र स्वतःची गुप्त आणि पहिल्याची जाहीर किल्ली घेऊन काढूं शकतें. तिसऱ्याला दोन्ही जाहीर किल्ल्या ठाऊक असल्या तरी तें काढतां येत नाहीं. या गुपिताच्या आधारें सारें टपाल कुलुपबंद होतें.

मग अडलें कोठें? अडलें हिशेबांत. प्रत्येक यंत्राला इतर प्रत्येक यंत्राची जाहीर किल्ली आणि ठावठिकाणा कळला पाहिजे. घरांत दहा यंत्रें असलीं, आणि दूरध्वनी, संगणक, मुलांच्या पाट्या धरून तेवढीं सहज होतात, तर त्यांच्या ४५ जोड्या पडतात व दोन्ही बाजूंच्या मिळून ९० नोंदी कराव्या लागतात. यंत्रें वीस झालीं कीं नोंदी ३८० वर जातात. शिवाय दूरध्वनीचा ठावठिकाणा घरांतून रस्त्यावर आणि रस्त्यावरून कचेरींत गेला कीं दर वेळीं बदलतो. हें काम हातानें करणारा माणूस आठ दिवसांत कंटाळेल.

येथें नियंत्रक सर्व्हरची आवश्यकता उत्पन्न होते. त्याचें कार्य समजण्यासाठीं जुन्या गांवगाड्याचें स्मरण उपयोगी पडेल. कुलकर्णी स्वतः नांगर धरीत नसे. धान्याची रास त्याच्या घरावरून जात नसे. तरीहि शेत कोणाचें, बांध कोठें, नवें कूळ कोणतें, हें त्याच्या दप्तरावरून ठरे. नियंत्रक सर्व्हर हा खाजगी जाळ्याचा कुलकर्णी होय. प्रत्येक यंत्र त्याच्याकडे आपली जाहीर किल्ली नोंदवितें. तो त्याला जाळ्यापुरता एक पत्ता देतो आणि बाकीच्यांची यादी हातीं ठेवतो. छायाचित्रें, कागद, संभाषणें यांपैकीं कांहींहि त्याच्या हातून जात नाहीं, आणि गुप्त किल्ल्या त्याच्याजवळ नसल्यामुळें तें त्याला वाचतांहि येत नाहीं.

असें असतां दप्तर कोणाच्या घरीं आहे याची चिंता कशाला, असें कोणी विचारील. चिंतेचीं कारणें दोन आहेत. एक म्हणजे, कोणतें यंत्र केव्हां जागें होतें, कोणत्या गांवच्या पत्त्यावरून बोलतें, हें दप्तरदाराला दिसतें. कुटुंबाच्या हालचालींचा तो मूक साक्षीदार असतो. दुसरें कारण अधिक गंभीर आहे. जो यादी लिहितो, तो यादींत एक नांव वाढवूंहि शकतो. कुलकर्ण्याच्या लेखणीच्या एका फटकाऱ्यानें बांध सरकल्याच्या कथा आपल्या गांवोगांवीं आहेत. दप्तर दुष्टाच्या किंवा चोराच्या हातीं पडलें, तर एक परकें यंत्र घरच्यांपैकीं म्हणून यादींत येईल, आणि बाकीचीं यंत्रें त्याच्यावर विश्वास ठेवतील. कुलूप फोडण्याची त्याला गरजच राहणार नाहीं.

असें दप्तर सांभाळण्याचा व्यवसाय टेलस्केल नांवाची कंपनी करते. ती २०१९ सालीं कॅनडांत स्थापन झाली. यंत्रांवर बसवावयाच्या तिच्या ग्राहक-प्रणालीची मूळ संहिता बहुतांशीं खुली आहे. दप्तराची, म्हणजे नियंत्रक सर्व्हरची, खुली नाहीं. ही उणीव हेडस्केल या प्रकल्पानें भरून काढली. ह्वान फॉन्ट यांनीं आरंभिलेल्या या प्रकल्पाच्या परवान्यावर २०२० हें साल आहे. टेलस्केलचींच ग्राहक-यंत्रें या घरगुती दप्तराशीं बोलतात, आणि दप्तर कोणाचें आहे याचा त्यांना फरक पडत नाहीं. प्रकल्पाचा कंपनीशीं अधिकृत संबंध नाहीं. परंतु त्याच्या चालकांपैकीं एकजण त्या कंपनींत नोकरीस असून कामाच्या वेळांतला कांहीं भाग या कामास देण्याची त्यांना मुभा आहे, असें प्रकल्पाच्या परिचयपत्रांतच नमूद केलेलें आहे. व्यापारी जगांत असा मोकळेपणा विरळा. प्रकल्पानें आपली मर्यादाहि आंखून घेतली आहे: एकच जाळें, तेंहि एका व्यक्तीचें, कुटुंबाचें किंवा लहान संस्थेचें.

हा सर्व्हर ज्या रीतीनें चालविण्याचा प्रघात पडला आहे, ती रीत म्हणजे कंटेनर. या शब्दाबरोबर गोदीच डोळ्यांपुढें येते, आणि तें योग्यच आहे. २६ एप्रिल १९५६ रोजीं माल्कम मॅक्लीन यांच्या आयडियल-एक्स या जहाजावर ५८ पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेण्यांत आल्या. आंत काय आहे हें यारीला विचारावें लागत नाहीं, पेटीचें माप सारखें असलें कीं झालें. या एका कल्पनेनें जगाचा व्यापार पालटला, आणि १९८९ मध्यें मुंबईसमोर न्हावा शेवा येथें सुरू झालेलें बंदर मुख्यत्वें अशाच पेट्यांवर वाढलें. संगणकाच्या जगांत प्रणालीला वेगळ्या कोठडींत ठेवण्याचे प्रयत्न १९७९ सालच्या युनिक्सपासून चालू होते. मार्च २०१३ मध्यें डॉकर हें साधन पुढें आलें आणि या पेट्या सर्वत्र पसरल्या. डॉकर म्हणजे इंग्रजींत गोदी-कामगार.

प्रणाली आणि तिला लागणारें सारें सामान एका पेटींत भरून ती पेटी जशीच्या तशी कोणत्याहि लिनक्स यंत्रावर ठेवतां येते, हा कंटेनरचा मुख्य लाभ. हेडस्केलची अधिकृत पेटी तर इतकी काटकसरीनें भरलेली आहे, कीं आंत आज्ञा टंकण्यासाठीं साधें शेलहि नाहीं. म्हणजे एखादा घरफोड्या आंत शिरलाच, तर त्याच्या हातीं हत्यार लागूं नये. अर्थात् कंटेनर म्हणजे स्वतंत्र घर नव्हे. एकाच वाड्यांतल्या वेगळ्या खोल्यांप्रमाणें सर्व पेट्यांखालीं यंत्राचा गाभा एकच असतो. वाडाच खचला तर खोलीच्या कडीचा उपयोग नाहीं. यासाठीं खालच्या लिनक्स प्रणालीची डागडुजी वेळच्या वेळीं करणें हें पेटीइतकेंच महत्त्वाचें.

नवशिके नेमके येथेंच फसतात. पेटी ही टाकून देण्यासाठींच असते. नवी आवृत्ति आली कीं जुनी पेटी फेंकावयाची व नवी मांडावयाची, हीच तिची रीत. आणि जुन्या पेटीच्या आंत लिहिलेलें जें जें असेल तें तिच्याबरोबर जातें. दप्तर जर पेटींतच ठेवलें असेल, तर पहिल्याच नूतनीकरणाच्या दिवशीं साऱ्या कुटुंबाचीं नांवें पुसलीं जातील आणि प्रत्येक दूरध्वनी पुन्हां हातीं घेऊन नोंदवावा लागेल. त्यांपैकीं एक दूरध्वनी म्युनिकला असेल. म्हणून पेटी मांडतांना यंत्रावरचीं दोन फोल्डरें बाहेरून तिला जोडून द्यावीं लागतात. पहिल्यांत नियमांची फाईल असते: सर्व्हरचा बाहेरचा पत्ता, जाळ्यांत वांटावयाचे पत्ते, नांवें देण्याची व्यवस्था. हें फोल्डर पेटीला केवळ वाचण्यापुरतें द्यावें. दुसरें फोल्डर खऱ्या दप्तराचें. त्यांत सर्व्हरची स्वतःची गुप्त किल्ली आणि यंत्रांच्या नोंदींची एक फाईल असते. या नोंदी एसक्यूलाइट नांवाच्या साध्या पद्धतीनें ठेवतां येतात, आणि घरगुती कामास तीच योग्य. याहून जड व्यवस्थेच्या मोहांत पडूं नये.

या फाईलीची नक्कल काढण्यांत एक मख्खी आहे. पेढीवर व्यवहार झाला कीं तो आधीं रोजकीर्दींत टिपतात आणि मग सवडीनें खतावणींत चढवितात, हें व्यापारी घराण्यांस सांगावयास नको. हेडस्केलची नेहमींची मांडणी अगदीं अशीच चालते. मुख्य फाईल ही खतावणी, आणि तिच्या शेजारीं रोजकीर्दीची एक छोटी फाईल असते. सर्व्हर चालू असतां कोणीं केवळ मुख्य फाईलीची नक्कल करून घेतली, तर ताज्या नोंदी रोजकीर्दींतच राहून जातात आणि नक्कल अपुरी निघते. सुरक्षित मार्ग असा कीं, पेटी क्षणभर थांबवावी, संपूर्ण फोल्डर उचलून दुसऱ्या यंत्रावर ठेवावें, आणि पेटी पुन्हां सुरू करावी. तेवढ्या वेळांत कोणाचें कांहीं अडत नाहीं. ज्या यंत्रांची परस्परांशीं गांठ पडलेली आहे त्यांचें संभाषण कुलकर्णी झोपला तरी चालू राहतें. नव्या यंत्राला मात्र त्या वेळांत प्रवेश मिळत नाहीं, आणि बदललेले नियम कोणाला कळत नाहींत. अशी नक्कल वर्षांतून एकदां तरी दुसऱ्या पेटीला जोडून उघडून पाहावी. न उघडलेली नक्कल म्हणजे न वाचलेलें मृत्युपत्र.

आवृत्तीविषयींहि थोडी शिस्त हवी. पेटी मागवितांना “सर्वांत नवी” असें मोघम न लिहितां नेमका आंकडा लिहावा, नाहीं तर एखाद्या रात्रीं नकळत मोठा फेरफार घरांत शिरतो. सप्टेंबर २०२४ मध्यें आलेली ०.२३ ही आवृत्ति तशीच मोठ्या फेररचनेची होती. बदलाचीं टिपणें वाचून, नक्कल काढून, मग एकेक पायरी चढणें हें शहाणपणाचें.

सर्व्हर ठेवावा कोठें, हा पुढचा प्रश्न. कुलकर्ण्याचें घर सर्वांना सांपडलें पाहिजे. म्हणून त्याला बाहेरचा खरा पत्ता, एक नांव आणि त्या नांवाचें प्रमाणपत्र लागतें. ज्यांच्या घराला स्वतःचा बाहेरचा पत्ता मिळत नाहीं त्यांना दूरचें एखादें लहानसें यंत्र भाड्यानें घ्यावें लागतें. दप्तर घरचें असलें तरी अशा वेळीं कपाट भाड्याचें असतें, हें विसरूं नये. दारावर मधला द्वारपाल म्हणून दुसरी सर्व्हर-प्रणाली बसविली, तर तिनें हेडस्केलची लांबलेली संभाषणें मध्येंच तोडतां कामा नयेत. पुष्कळांचें पहिलें अपयश येथलेंच असतें, आणि दोष पेटीचा समजून ते पेटीच फोडीत बसतात.

यंत्राची नोंद करण्याच्या दोन रीती आहेत. यंत्रानें दार ठोठावावें आणि चालकानें त्याची खूण पाहून स्वतः नांव लिहावें, ही एक. चालकानें आधींच एक प्रवेशपत्र काढून द्यावें, ही दुसरी. हें प्रवेशपत्र निराळें कांहीं न सांगितल्यास एक तासच चालतें व एकदांच उपयोगीं पडतें. नोंद झाल्यावर यंत्राला शंभर या आंकड्यानें सुरू होणारा पत्ता मिळतो. २०१२ सालीं जोडणी देणाऱ्या कंपन्यांसाठीं राखून ठेवलेल्या सुमारें ४२ लाख पत्त्यांच्या गठ्ठ्यांतला तो असतो, आणि सार्वजनिक रस्त्यावर तो कोणाचाच नसल्यामुळें भांडण होत नाहीं.

त्यानंतर दोन यंत्रें एकमेकांना गांठतात कशीं, हा या साऱ्या व्यवस्थेंतला सर्वांत चतुर भाग. दोन्हीं आपापल्या चाळींत बंद. बाहेरून आलेली हांक दोन्हीकडचे राऊटर टाकून देणार. पण राऊटर उत्तराला आंत घेतो, ही त्याची संवय येथें कामीं येते. प्रत्येक यंत्र आधीं बाहेरच्या एका साहाय्यकाला विचारतें, “तुला मी कोणत्या पत्त्यावरून दिसतें?” तो पत्ता परस्परांना कळविला जातो, आणि मग दोन्हीं यंत्रें जवळजवळ एकाच वेळीं एकमेकांस टपाल धाडतात. प्रत्येक राऊटरला वाटतें, आलें तें आपल्याच पत्राचें उत्तर आहे. दारें उघडतात. कांहीं राऊटर मात्र दर संभाषणाला बाहेरची खिडकी बदलतात, आणि त्यांच्यापुढें ही युक्ति पुष्कळदां हरते. तेव्हां टपाल एका हस्तांतर-केंद्रामार्फत जातें. मेणा बंदच असल्यामुळें केंद्राला आंतलें दिसत नाहीं; पण वेग मंदावतो.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, कारण ती सहसा कोणी सांगत नाहीं. हेडस्केल जशाचें तसें बसविलें, तर हीं हस्तांतर-केंद्रें टेलस्केल कंपनीचींच वापरलीं जातात. स्वतःच्या दप्तराचा अभिमान बाळगणाऱ्या कित्येकांना याची वार्ता नसते. ज्याला तेंहि नको असेल त्याला हेडस्केलमध्येंच अंतर्भूत असलेलें केंद्र चालू करतां येतें. त्यासाठीं एक वाट अधिक उघडावी लागते, आणि दूरदेशीं असलेल्या मुलीचें टपाल त्या एकाच केंद्राला वळसा घालून जातें. तसेंच, नियम न लिहिले तर जाळ्यांतलें प्रत्येक यंत्र इतर प्रत्येकाशीं बोलूं शकतें. पाहुण्याच्या संगणकाला किंवा दिवाणखान्यांतल्या टेलिव्हिजनला हिशेबाच्या यंत्रापर्यंत जाण्याचें कारण काय? नियमांचा कागद पहिल्याच आठवड्यांत लिहून काढावा.

ज्या घरांत हें सारें सांभाळणारा एकच माणूस आहे, आणि तोहि परीक्षेच्या किंवा बढतीच्या धांदलींत, तेथें दप्तर कंपनीकडे राहूं देणेंच अधिक सुरक्षित. निष्काळजी घरच्यापेक्षां दक्ष परका बरा. परंतु जेथें दोन माणसांना पेटी कशी थांबवावी, नक्कल कोठें आहे आणि ती कशी परत मांडावी हें ठाऊक आहे, तेथें हें काम अवघड नाहीं. ही माहिती कागदावर लिहून घराच्या इतर कागदपत्रांबरोबर ठेवावी. चालक आजारी पडल्यास दुसऱ्याला त्याच कागदावरून काम उचलावें लागेल.

लोकलच्या गर्दींत कोणाचा दूरध्वनी हरवला, तर दप्तर हातीं असण्याचा उपयोग तत्काळ दिसतो. चालकानें दुसऱ्या यंत्रावरून सर्व्हर गांठावा, यादींतून त्या दूरध्वनीची नोंद काढून टाकावी. नवी यादी बाकीच्या यंत्रांकडे जाते आणि तीं त्याला ओळखेनाशीं होतात. त्यांत आधींच उतरवून ठेवलेलीं छायाचित्रें मात्र यानें परत येत नाहींत. आणि तो दूरध्वनी नोंदवितांना अनेकदां वापरतां येणारें प्रवेशपत्र दिलें असेल, व त्याची मुदत संपली नसेल, तर तेंहि त्याच वेळीं रद्द करावें. तें संदेशांत लिहून पाठविलेलें असेल, तर तो संदेश अजून त्याच दूरध्वनींत आहे.